लासुर्ण्याची गाडी

आमचे घरमालक तात्या देवाचं नाव घेण्याआधी तांब्यावर नखानं दोनदा टकटक करायचे. मग खाकरायचे. मग जरा थांबायचे, सगळं स्टँड गप्प होईपर्यंत थांबावं तसे. समोर स्टँड कुठलं? बारामतीतल्या कालव्यालगतची आळी, तिथला एक ओटा, त्यावर तुळशीची कुंडी आणि ओट्याखाली झोपलेलं एक खरजुलं कुत्रं. पण तात्यांना त्याचं काही नव्हतं. जन्मभर एस्टीत कंट्रोलर म्हणून माईकपुढं बसलेला माणूस. रिटायर झाल्यावर माईक गेला, टकटक राहिली. मग त्यांचा आवाज निघायचा. "राम कृष्ण हरी." सावकाश, सुटासुटा, शेवटच्या बाकड्यावरच्या म्हातारीलाही ऐकू जाईल असा.

मी तिथल्या एका दवाखान्यात नर्स होते आणि त्यांच्या माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहत होते. ही नव्वद सालानंतरची गोष्ट, आख्ख्या आळीत एकाच घरी फोन होता तेव्हाची. रात्रपाळी करून यायचे आणि दिवसा झोपायचे. पत्रा तापलेला, पंखा नुसता गरगरणारा, लाईट गेली की तोही बंद. त्या अर्ध्यामुर्ध्या झोपेत तात्यांचं नाम खालून जिन्यानं वर यायचं आणि माझ्या स्वप्नात शिरायचं. मला लाल गाड्या दिसायच्या. रस्त्यावरून नव्हे, कालव्याच्या पाण्यावरून चालणाऱ्या. आवाज न करता एकेक गाडी पुढं सरकायची, आणि खिडकीतनं आमच्या गावच्या बायका हात बाहेर काढून पाणी चाळवत बसलेल्या असायच्या. कुणालाच कुठं पोचायची घाई नसायची. सुरुवातीला मी या नामापायी फार वैतागले, खोटं कशाला बोलू? पण एकदा तात्यांचा घसा बसला, तर दुपारभर मी कूस बदलत पडले. झोप काही येईना.

खोली बघायला गेले तेव्हाच मी सांगून टाकलं होतं, आम्ही बौद्ध. कपाळाला आठ्या पडायच्याच असतील तर सामान वर चढवायच्या आधी पडलेल्या बऱ्या. त्यापायी आधीच्या खोल्या हुकल्या होत्या. तात्यांनी मान वर करून विचारलं, गाव कुठलं. कळस म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि कळसला जायच्या सगळ्या वाटा सांगितल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते, लासुर्ण्याच्या पुढं जंक्शनला उतरून कुठली धरायची, आणि पावसाळ्यात कुठल्या ओढ्याला अडकून बसायला होतं. तेवढ्यात काकी, म्हणजे त्यांची बायको, पदराला हात पुसत बाहेर आली. "पाणी सकाळचं येतं, तेवढं ध्यानात ठेव," ती मला म्हणाली. "आन् ह्यांच्या नादी लागू नगं. तुला चंद्रावर जायची गाडी सांगतील." एवढ्यावर खोली ठरली.

गंमत अशी, की या माणसाला सगळ्या गाड्या तोंडपाठ, पण तो स्वतः कुठं गेलाच नव्हता. पिंपळी, काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे ही नावं रोज घ्यायची, आणि त्यातलं एकही गाव धड बघितलेलं नाही. काकीचं माहेर लासुर्ण्याचं. लग्नात नवरदेव म्हणून तात्या रात्रीच्या अंधारात तिथं गेले-आले होते तेवढेच. त्यानंतर सणाला, बाळंतपणाला, भावाच्या लग्नाला काकी पिशवी घेऊन एकटी गेली. तात्या ड्युटीवर. सोडायला येणं तर राहोच, केबिनमधून उठून गाडीपर्यंतही यायचे नाहीत.

"मग तुम्हाला राग नाही यायचा?" मी एकदा काकीला विचारलं होतं. ती मेथी निवडत बसली होती. म्हणाली, यायचा की. पण एक होतं. इतर गाड्या ते एकदाच सांगायचे. ती बसलेली असली की लासुर्ण्याची गाडी दोनदा सांगायचे. गाडीतली माणसं म्हणायची, कंट्रोलरला आज काय झालंय, आमी काय बहिरे हाय का? आणि ही पदर तोंडाला लावून खिडकीतनं बाहेर बघत बसायची. "तेवढंच काय ते ह्या माणसाचं प्रेम," काकी म्हणाली, आणि मेथीचं देठ माझ्या अंगावर फेकलं, कारण मी हसत होते.

तात्यांची भक्ती इतरांसारखी नव्हती. गंध नाही, माळ होती पण शर्टाच्या आत. आळीत भजनी मंडळ होतं, त्यांच्याशी तात्यांचं कधी पटलं नाही. मंडळी जोरात आली की टाळांचा वेग वाढायचा आणि नावाची टोकं गिळली जायची. तात्या ओट्यावरून ओरडायचे, एवढ्या घाईत सांगितलं तर देव दुसऱ्याच फलाटावर जाऊन उभा राहील. मंडळ चिडायचं. पण घरात कुणाला ताप आला, कुणाची म्हैस आजारी पडली, कुणाची लेक नांदायला जाईना, की तीच माणसं हळूच तात्यांकडं यायची. तात्या, आमच्यासाठी जरा नाव घ्या. तात्या घ्यायचे. मात्र गुण येईल असं कुणाला कधी म्हणाले नाहीत.

"आपण अलौन्स करायचं," ते म्हणायचे; अनाउन्सला ते अलौन्सच म्हणत. "गाडी कवा सोडायची ते डेपोत बसलेला बगतो. मी सांगितलं म्हणून गाडी येत न्हाय, आन् न्हाय आली म्हणून मी सांगायचं सोडत न्हाय."

हे मला आवडायचं. मी काही देवाची माणूस नव्हे. आमच्या घरी सकाळी वंदना होते, डोळे मिटून बसणं होतं, पण देवाला साकडं घालणं आमच्यात नाही. एकदा माझे वडील मला भेटायला आले होते. ओट्यावर बसून तात्यांचं सगळं नाम त्यांनी ऐकलं, चहा प्यायले, आणि जाताना जिन्यात मला म्हणाले, हा माणूस मागत काहीच नाही गं, नुसता म्हणतो, मग आपल्यात आणि ह्याच्यात लई अंतर नाही. वडिलांनी असं कुणा माळकऱ्याबद्दल बोलावं याचं मला नवल वाटलं होतं.

मग तात्या मागायला लागले.

काकीची एक गाठ मी राहायला येण्याआधीच काढलेली होती. सगळ्यांना वाटलं, सुटलो. माझ्या दुसऱ्या दिवाळीला तिची पाठ दुखायला लागली, मग कंबर, मग मांडी. पुण्याला नेलं, तपासण्या झाल्या. आजार हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं आणि दुखणं कमी करायची इंजेक्शनं लिहून दिली. ती मी द्यायची. मी नर्स आहे, दुखणं ओळखते. काकीचं दुखणं ओरडणारं नव्हतं. ती भिंतीकडं तोंड करून पडायची आणि पोपडे निघालेल्या चुन्यात चित्रं शोधायची. हा बघ उंट, ही बघ आमच्या विहिरीवरची बाभळ. सुईनं जरा वेळ बरं वाटायचं. मग पुन्हा उंट आणि बाभळ.

तात्या खुर्ची ओट्यावरून उचलून थेट तिच्या खाटेशी घेऊन आले. आता पहाटे नाम, दुपारी नाम, संध्याकाळी नाम. सकाळचं जेवण सोडलं, मग चहा सोडला, मग चप्पल सोडली. ते सगळं एक वेळ ठीक. पण आवाज बदलला. तो सुटासुटा, सावकाश आवाज गेला. प्रत्येक नावाच्या शेवटी एक उंचावलेली किनार आली, दार वाजवून कुणी उघडतंय का बघावं तशी. नाम घेताना ते डोळे मिटायचे नाहीत, काकीच्या तोंडाकडं बघायचे. फरक पडला का? आता पडला का? मला वरच्या खोलीत गाड्यांची स्वप्नं पडेनाशी झाली.

एके दुपारी ते किराणा आणायला गेले तेव्हा मी काकीची कूस बदलत होते. तिनं माझं मनगट धरलं.

"त्यांना सांग की गं जरा गप ऱ्हावा म्हणून," ती म्हणाली. "माझ्यानं सांगवत न्हाय. ते नाव घेत्यात आन् माझ्या तोंडाकडं बगत्यात. मग मला वाटतं, एवढं नाव घेऊनबी मी बरी होत न्हाय, म्हंजी माझंच काय तरी चुकतंय. दुखतंय ते दुखतंय, आन् वर हे."

मला तेव्हा रडू आलं. नर्सनं रडू नये म्हणतात. पण त्या बाईला दुखण्याहून जास्त त्या नामाचं ओझं झालं होतं, आणि ते घेणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. त्यांना कसं सांगणार होते मी? मी भाडेकरू, त्यात देव न मानणारी. मी म्हटलं तर ते म्हणणार, हिला काय कळतंय. मी जिभेवर आलेलं कितीदा तरी गिळलं.

माघात लासुर्ण्याला सप्ताह बसला. काकीचा भाऊच तिथला पुढारपण करणारा. सप्ताहात नाव सात दिवस अखंड चालतं. वीणा गळ्यात घेऊन एकानं उभं राहायचं, नाव घ्यायचं; त्याचा पहारा संपला की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ती जमिनीला टेकत नाही. काकीनं हट्ट धरला, माझ्या माहेरचा सप्ताह आहे, या खेपेला तुमी जायचंच. मला वाटतं तिला एक दिवस शांतता हवी होती. तात्यांनी वेगळंच मनात धरलं. माझी सुट्टी होती, मला कळसला जायचं होतं, म्हणून आम्ही एकाच गाडीनं निघालो. काकीजवळ शेजारच्या वहिनी बसल्या.

त्या गाडीतले तात्या मी विसरणार नाही. पाय अनवाणी, मांडीवर पिशवी, आणि नाक खिडकीच्या गजाला. पिंपळी आलं तर म्हणाले, एवढंच व्हय? काटेवाडीला उतरणाऱ्यांकडं बघून हसले. सणसरच्या थांब्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं वाट अडवली होती, हवेत कारखान्याच्या मळीचा वास भरला होता, आणि तात्या हळूच मला म्हणाले, "सणसर असं हाय व्हय! मी लई मोठं समजत होतो." जन्मभर ज्यांना हाका मारल्या ती माणसं पहिल्यांदा भेटावीत तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्या तेवढ्या वाटेत ते काकीचं दुखणं विसरले असावेत. लासुर्ण्याला मेव्हणा रस्त्यावर उभाच होता, त्यानं गाडी थांबायच्या आत हात धरून उतरवून घेतलं. मलाही म्हणाला, जेवून पुढं जा.

मांडव रस्त्याला लागूनच होता. तात्यांना दुपारचा पहारा दिला. त्यांनी वीणा गळ्यात घेतली, पुढ्यात माईक होता, आणि इतक्या वर्षांनी माईक बघून त्यांचं नख आपोआप त्यावर वाजलं. टक टक. मग नाव सुरू झालं. पंगती बसल्या, उठल्या. पहारा संपला तसा पुढचा माणूस येऊन उभा राहिला. तात्यांनी मान हलवली. नाही. आणखी जरा. तो बिचारा बाजूला बसला. पुन्हा उठला, पुन्हा तीच मान. मेव्हण्यानं जवळ जाऊन काहीतरी विचारलं आणि तो पडलेल्या तोंडानं माझ्याकडं आला. तात्यांनी त्याला सांगितलं होतं, तिचं दुखणं थांबलं असा सांगावा येत नाही तोवर वीणा देणार नाही. सकाळपासून पोटात अन्न नाही, पाण्याचा घोट नाही, वय झालेलं. आणि सांगावा कुठून येणार होता?

पण वीणेकऱ्याच्या गळ्यातून वीणा ओढून कशी घ्यायची? सगळे नुसते बघत बसले. उन्हं कलली. मांडवाच्या कापडातून पिवळा उजेड गाळून आल्यासारखा आत पडला होता, टाळांचा आवाज बारीक झाला होता, बाया जागच्या जागी पेंगत होत्या. तात्यांचे डोळे मिटलेले. ते जरा झुलत होते, वारा नसताना पडदा हलावा तसे. नाव चाललंच होतं. आणि तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कचकन ब्रेक लागले, धुरळा उडाला, आणि तात्यांच्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, "प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. बारामतीवरून लासुर्णेमार्गे इंदापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे."

खरं सांगते, मांडव उठला. हसायला नाही, गाडीला. पेंगणाऱ्या बाया दचकून उठल्या, कुणी पिशवी काखेत मारली, कुणी पोरगं कडेवर घेतलं, एक आजोबा तर धोतराचा सोगा धरून पार मांडवाच्या दारापर्यंत गेले. या रस्त्यावरची सगळी माणसं. वर्षानुवर्षं याच आवाजावर उठून पळत आलेली. आपण कुठं बसलोय हे ध्यानात यायला त्यांना जरा वेळ लागला. मग सगळे होते तिथं उभेच राहिले. नाव थांबलं होतं. सप्ताहात कधी थांबू नये ते नाव थांबलं होतं.

तात्यांनी डोळे उघडले. समोर पिशव्या घेऊन उभी असलेली माणसं बघितली. त्यांना काय झालं ते कळलं, मला त्यांच्या तोंडावर कळलेलं दिसलं. बाजूचा माणूस पुढं झाला, त्यानं नाव उचललं, पाया पडला. तात्या त्याच्या पाया पडले आणि वीणा देऊन टाकली. मेव्हणा त्यांना घरात घेऊन गेला, पाणी पाजलं, जबरदस्तीनं भाकर खायला लावली. शेवटच्या गाडीनं बारामतीला परत गेले. मी कळसला गेले.

दुसऱ्या दिवशी मी परत आले तर काकी काळजीत. घरात आल्यापासून तात्यांनी नावच घेतलं नव्हतं. काय झालं म्हणून विचारलं तर भिंतीकडं तोंड. आता या घरात भिंतीकडं तोंड करणारी दोन माणसं झाली होती. मी बाहेर ओट्यावर गेले. ते तुळशीपाशी उकिडवे बसले होते. म्हणाले, देवाच्या वीणेला मी गाडी लावली, आता कुठल्या तोंडानं बसू? असं म्हणून त्यांनी कुत्र्याच्या पाठीवरनं हात फिरवला. मला त्यांची फार दया आली, आणि त्याच वेळी मांडवाच्या दाराशी सोगा धरून उभे राहिलेले आजोबा डोळ्यांसमोर आले.

मी आत गेले आणि काकीला सगळं सांगितलं. आजोबांसकट.

काकी आधी ऐकत राहिली. मग तिचं पोट हलायला लागलं. मग ती हसली. हसताना हाडं दुखत होती, ती "आई गं" म्हणायची आणि परत हसायची, डोळ्यांतनं पाणी, एक हात कमरेवर. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. तो आवाज ऐकून तात्या दारात येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं, जास्त झालं की काय.

"अवो," काकी म्हणाली, "मग मला का न्हाय सांगितली गाडी?"

तात्यांचं तोंड कसनुसं झालं. ते तसेच बाहेर निघून गेले.

संध्याकाळी दुखणं उसळलं. सुईला अजून वेळ होता, लवकर देता येत नव्हती. लाईट गेलेली, मी कंदील लावला. तात्या खाटेशी आले, खुर्चीवर बसले, पण तोंड उघडेना. काकीनं त्यांचा हात शोधून धरला.

"आज नाव नगं," ती म्हणाली. "मला माझी गाडी सांगा. दोनदा सांगायची."

ते माझ्याकडं बघायला लागले, डॉक्टरकडं बघतात तसे. मी म्हटलं, सांगा की तात्या, कुणाचं काय जातंय? मग उशाच्या तांब्यावर नख वाजलं. टक टक. खाकरले. "प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं," आणि आवाज फाटला. पुन्हा सुरुवात केली. या वेळी स्टँडचा आवाज नव्हता, घरातला होता. बारामती. पिंपळी. ते थांबले. काकी डोळे मिटून म्हणाली, तितं एक म्हातारी बोरं घिऊन चढायची. काटेवाडी. तितं आमच्या आत्याची नणंद दिली होती. भवानीनगर. सणसर. "सणसर ल्हान हाय गं," तात्या म्हणाले, "मला ठावंच नव्हतं." "मी सांगत होती की," काकी पुटपुटली. बेलवाडीला पोचेपर्यंत तिचा हात सैल पडला होता. झोप लागली होती. सुई न देता.

मी काही चमत्कार झाला असं म्हणत नाही. दुखणं गेलं नाही, सुया बंद झाल्या नाहीत. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी गाडी सुटायची. हळूहळू तात्यांना धीर आला आणि दोन गावांच्या मधल्या वाटेवर नाव परत यायला लागलं. पिंपळी. राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी, उसाच्या शेतांमधनं, कालव्याच्या पुलावरनं. काटेवाडी. ते आता तिच्या तोंडाकडं बघायचे नाहीत, डोळे मिटायचे. ती किनार गेली होती. मला वरच्या खोलीत परत पाण्यावरच्या गाड्या दिसायला लागल्या. एका खिडकीत काकी बसलेली असायची, पदर तोंडाला लावून.

एकदा जिन्यात तात्यांनी मला थांबवलं. "सिस्टर, जगाला सांगत आलो, अलौन्स करणाऱ्यानं गाडीची वाट बगायची नसती," ते म्हणाले. "आन् घरचं माणूस फलाटावर बसलं तवा मीच इसरलो बग."

गाडी कधी बेलवाडीच्या पुढं जायची नाही. तिथपर्यंत काकीला झोप लागलेली असायची, निदान आम्ही तसं धरून चालायचो. काही संध्याकाळी तिच्या पापण्या हलताना मला दिसायच्या. तात्यांनाही दिसत असणार. तरी ते बेलवाडी म्हणून गप्प व्हायचे आणि हळूच खुर्ची मागं सारायचे. का ते आम्हा तिघांनाही कळत होतं.

पाडवा होऊन गेला होता. लिंबाचा मोहर वाऱ्यानं ओट्यावर पडत होता. त्या दिवशी काकीनं सकाळपासून काही घेतलं नव्हतं, श्वास वरवरचा चालला होता. मला ते चिन्ह कळत होतं, मी ड्युटीवर गेले नाही. ऊन भिंतीवरच्या उंटावर आलं होतं. तात्यांनी गाडी दिवस मावळायच्या आधीच काढली. पिंपळी, काटेवाडी, भवानीनगर, सणसर, मधे नाव, सावकाश. बेलवाडी. ते गप्प झाले.

काकीनं डोळे उघडले. "पुढं सांगा," ती म्हणाली.

तात्यांचा हात तांब्यावर होता. "ऱ्हाऊ दे की जरा गाडी हितंच," ते म्हणाले.

"किती दिस थांबवणार? भाऊ फाट्यावर उभा आसंल."

मग तात्या खुर्चीवरून उठून उभे राहिले. केबिनमध्ये ते बसून सांगायचे, पण आज उभे राहिले, हात पोटाशी जोडलेले. आवाज कापला नाही.

"लासुर्णे," ते म्हणाले.

काकी वाट बघत होती, मी बघितलं. अजून एकदा राहिलं होतं.

"लासुर्णे."

तिच्या तोंडावर जे आलं त्याला मी हसूच म्हणेन. मग तात्या नाव घेत राहिले, काही न मागता, पहिल्यासारखं, आणि काकी दिवे लागायच्या आत गेली.

तेरावं झाल्यावर मला कळसला जायचं होतं. तात्या म्हणाले, मीबी येतो लासुर्ण्यापर्यंत. काकीचं एक हिरवं लुगडं भावजयीला द्यायचं होतं, ते गाठोडं करून मांडीवर घेतलेलं. स्टँडवर माईकवरून गाड्या सांगणारं कुणी नवीन माणूस होतं, फार घाईत सांगत होतं. तात्यांनी नेहमीसारखी नावं ठेवली नाहीत. गाडीत ते खिडकीपाशी बसले. गावं येत होती, जात होती, ते त्यांच्याकडं बघत होते आणि ओठ हलत नव्हते. मी दुपारच्या त्या उन्हात पेंगत होते.

लासुर्ण्याला गाडी थांबली. दोघंचौघं उतरले. तात्या उठेनात.

"तात्या, आलं ना," मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले आणि गाठोड्यावर हात ठेवून बसूनच राहिले. "सांग की सिस्टर. जन्मभर मीच सांगत आलोय. मला कुणी सांगितलंच न्हाय."

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर गेला होता. मी देवाचं नाव घेत नाही, तेव्हाही घेतलं नाही. मी पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर नखानं दोनदा टकटक केली, खाकरले, आणि मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं, "लासुर्णे. लासुर्णे."

मागं झोपलेली एक म्हातारी दचकून उठली. तिलाही तिथंच उतरायचं होतं. तात्यांनी गाठोडं काखेत घेतलं, तिला हाताला धरलं, आणि दोघं सावकाश खाली उतरले.